बटाट्याचे पांडव

स्पॉल्डिंग, लिंकनशायर
५ ऑक्टोबर २०२५

व्याही गुरुपादप्पा यांस राजशेखरचा शरणार्थ.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आलं तरी तुम्ही ऐकत नाही, म्हणून पत्र. मी कागदावर लिहायचं, तुमच्या आरतीनं त्याचा फोटो काढून औरादला माणिकप्पाच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवायचा आणि त्यानं छापून तुमच्या हातात द्यायचा, अशी व्यवस्था तुमच्या लेकीनं लावून दिली आहे. म्हणजे तिच्याबद्दल वाईट लिहायची सोय राहिलेली नाही. चांगलं लिहायला मात्र हरकत नाही. इथल्या भाजीच्या पॅकहाऊसात ती माल तपासणारी साहेब आहे, व्हिसा तिच्या नोकरीवर आहे आणि माझा रेवणसिद्ध तिच्या नोकरीच्या आधारानं इथे राहतो. मी तर पाहुणाच. एकूण आमच्या घराण्याचा पुरुषार्थ सध्या तुमच्या लेकीच्या पदराला बांधलेला आहे. खूश व्हा.

लातूरच्या शाळेत मी नोकरीभर इंग्लंडचे परगणे शिकवले. लँकेशायर म्हणजे कापूस, यॉर्कशायर म्हणजे लोकर, लिंकनशायर म्हणजे गहू, मेंढ्या आणि ग्रिम्सबीचे मासे. पोरं डोळे मिटून म्हणायची. आता बघतो तर ग्रिम्सबीला मासे ट्रकातून येतात, तेही दुसऱ्या देशाचे, आणि गिरण्यांमध्ये लोक भाड्यानं राहतात. मी इतकी वर्षं पोरांना जे पाठ करायला लावलं त्यावर गोऱ्या लोकांनी बोळा फिरवला आणि मला साधं कळवलंही नाही.

आम्ही राहतो त्या भागाला फेन म्हणतात. पूर्वी ही सगळी दलदल होती. हॉलंडहून इंजिनियर आणून चर खणले, पाणी समुद्रात ढकललं आणि खालून काळीभोर जमीन काढली. जमीन इतकी खाली आहे की चरातलं पाणी शेताच्या वरून वाहतं. पंप बंद पडले तर आमचं घर बुडेल. टेकडी नाही, चढ नाही. बॉस्टन गावच्या चर्चचा मनोरा कुठूनही दिसतो, कारण दुसरं काही बघण्यासारखं नाहीच. दुकानं पाच वाजता बंद होतात आणि गाव झोपतं. सगळीकडे कोबी, फ्लॉवर, बटाटा, आणि स्प्राउट म्हणून लिंबाएवढा कोबी. तो नाताळात सगळे खातात आणि कुणालाच आवडत नाही म्हणे.

लातूर-नांदेडच्या पुराचं इथे वाचलं. तुमचं तेरणाकाठचं रान कसं आहे? लपवू नका.

राजशेखर


औराद शहाजानी, ता. निलंगा
१२ ऑक्टोबर २०२५

राजशेखर गुरुजी, शरणार्थ.

पत्र मिळालं. माणिकप्पानं दुकानात चार माणसांना वाचून दाखवलं आणि मग मला दिलं. लिंबाएवढा कोबी ऐकून सगळे हसले.

पाणी आलं, बांध बघितला आणि परत गेलं. आपलं रान उंचावर आहे हे तुम्हाला माहीत असायला पाहिजे होतं, तुम्ही भूगोलाचे मास्तर ना? तेवढ्यासाठी लेकीला घोर लावू नका. तिला कळवा की रान झकास आहे.

बाकी तुमच्या त्या लिंकनशायरात नवल काय ते मला काही दिसलं नाही. पाणी उपसून जमीन काढली म्हणता. आमच्या लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं, तेव्हा तुमचे ते हॉलंडचे इंजिनियर कुठं होते? आणि चांगली जमीन असून त्यात कोबी? तुमची विहीण साखराबाई विचारत होती, "त्येंला तूर म्हाईत न्हाई का वं?" मी म्हटलं, "माणसंच न्हाईत त्या रानात, तूर कोण खुडंल?" जिथं बांधावर बसून कुणी भाकरी खात नाही त्याला मी रान म्हणत नाही. कारखाना म्हणा.

तुम्ही जन्मात खुरपं धरलं नाही, म्हणून तुम्हाला काळीभोर जमीन दिसली की हुरळायला होतं. तब्येतीला जपा. मफलर बांधत जा, तिकडची थंडी मास्तर बघून कमी व्हायची नाही.

गुरुपादप्पा


स्पॉल्डिंग
१६ नोव्हेंबर २०२५

व्याहीबुवा, शरणार्थ.

साखराबाईंना सांगा की तूर त्यांना माहीत आहे. पेटरबरोच्या गुजराती दुकानात अर्ध्या किलोच्या पुडीत मिळते. तिथे केळीही होती. अर्धापूरच्या केळीवाल्यानं ती बघितली असती तर रडला असता.

तुम्ही माझ्या भूगोलावर घसरलात म्हणून एक आकडा न देता सांगतो. इथे लातूरपेक्षा कमी पाऊस पडतो. ऐकलंत ना, कमी! पण रोज थोडा थोडा पडतो, कारकुनी पाऊस. मोठ्या पावसाचा रुबाब नाही, आणि तरी एक चर कोरडा दिसत नाही. बीट नावाचा मुळ्यासारखा कंद काढतात आणि त्याची साखर करतात. उसाचा डौल नाही, गुऱ्हाळाचा वास नाही, चिखलाचे ढीग ट्रकात भरल्यासारखं दिसतं. रेवणनं मला स्कन्थॉर्पलाही नेलं. पुस्तकात मी त्याला 'लोखंडाचं गाव' म्हणून शिकवलं होतं. तिथे भट्ट्या राहतील की जातील याचीच लोकांना चिंता. मी परत येताना गाडीत झोपलो.

आमच्या घरामागे वॉटकिन नावाच्या म्हाताऱ्याचं शेत आहे. त्याच्या बांधावरून मी रोज फिरायला जातो. तो मान हलवतो, मी मान हलवतो. दोन महिन्यांत एवढंच बोलणं झालं. त्याचा स्प्राउट आरतीच्याच पॅकहाऊसात जातो. कापणीआधी ती रांगा तपासायला येते. परवा कोबीच्या एका रांगेत काचेचा तुकडा सापडला तर हिनं अख्खी रांग नांगरायला लावली! मी म्हटलं, "अगं, धुऊन घ्यायचा कोबी." म्हणाली, "मामा, इथं एखाद्याला दूध चालत न्हाई, एखाद्याला शेंगदाणा. पाकिटावर लिहिल्याशिवाय कणभर गेलं तरी माणूस मरतो." शेंगदाण्यानं मरतो म्हणे! असं असतं तर आपला निम्मा जिल्हा शेंगाच्या चटणीनंच संपला असता.

पण बाईसाहेबांपुढे बोलायची सोय नाही. नाताळचा माल नीट पार पडला तर तिला सगळ्या विभागाची मुख्य करणार आहेत. घरात सध्या चहाचा कपसुद्धा आम्ही हळू ठेवतो.

राजशेखर


औराद शहाजानी
१ डिसेंबर २०२५

गुरुजी, शरणार्थ.

लेक मुख्य होणार हे वाचून बरं वाटलं. ती माझ्यावर गेली आहे. तुमच्याकडून तिनं फक्त झोप घेऊ नये.

यंदा येळवस, मार्गशीर्षाची अमावस्या, एकोणीस तारखेला आहे. तुम्हाला आठवण तरी आहे का? पोरांचं लग्न झाल्यापासून दरवर्षी तुम्ही लातूरहून एसटीनं येऊन माझ्या रानात जेवता, खोपीच्या सावलीत पाय पसरता, शेंगभाज्यांची भज्जी तीनदा मागून घेता आणि "आंबिलीला यंदा आंबटपणा कमी" म्हणून नावं ठेवता. यंदा काय करणार? पाकिटातलं काही खाणार?

आपली ज्वारी पोटरीला आली आहे. माणूस आत शिरला तर दिसत नाही. हरभरा असा की पाय ठेवायला जागा नाही. कडब्याची खोप मोठी करायची, पाच दगडांचे पांडव नव्या चुन्यानं रंगवायचे, आणि रानाच्या चारी बाजूंनी मोठ्यानं ओरडत आंबील शिंपायची. संध्याकाळी कडब्याच्या पेंढीचा पेटता हेंडगा घेऊन मीच पळणार आहे. गुडघ्याचं नंतर बघू.

एवढ्या काळ्याभोर जमिनीच्या कडेला राहता, रोज तिच्यावरून फिरता, आणि येळवशीला तिला एक थेंब शिंपणार नाही. खाल्ल्या घराला विसरणारा माणूस मी बघितला होता, फिरल्या रानाला विसरणारा आता बघणार. पण तुमच्यात तेवढी हिंमत नाही हे मला माहीत आहे. गोऱ्यानं डोळे वटारले की मास्तर घरात. खिडकीतल्या कुंडीला शिंपा आणि फोटो पाठवा, माणिकप्पाच्या दुकानात लावू.

गुरुपादप्पा


स्पॉल्डिंग
१९ डिसेंबर २०२५, दुपार

गुरुपादप्पा,

आजचं पत्र रेवणच्या जुन्या फोनवरून मीच पाठवतोय. कसं पाठवायचं ते शिकलो. आता हिंमतीबद्दल बोला.

ज्वारीचं पीठ लातूरहूनच आणलं होतं. काल दही घुसळून आंबील केली. आरतीला वाटलं माझं पोट बिघडलं. सकाळी दोघं कामावर गेली आणि मी बादली, ज्वारीचे उंडे आणि डब्यातली भज्जी घेऊन निघालो. आंबिलीची मातीची बिंदगी नाही म्हणून स्टीलची बादली, ती डोक्यावर घेतली. डोक्यावर माकडटोपी असल्यानं चुंबळीची गरज पडली नाही.

पहिली पंचाईत पांडवांची. या फेनमध्ये दगड नाहीत! गाळाची जमीन, पायानं उकरत बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, सुपारीएवढा खडासुद्धा मिळाला नाही. असली दरिद्री श्रीमंती मी पाहिली नव्हती. शेवटी पलीकडच्या काढलेल्या रानात पाच बटाटे राहिले होते, ते आणले. चुना नव्हता, रेवणची टूथपेस्ट घेतली होती. तिनं पाचही पांडव पांढरेशुभ्र केले. पुदिन्याचा वास येत होता, पण धर्मराजाला त्याचं काही वाटलं नसावं. खोपीसाठी छत्री उघडून तिच्यावर शाल टाकली. आंब्याची डहाळी कुठली मिळणार, कोथिंबिरीची जुडी आंबिलीत बुडवली आणि वॉटकिनच्या स्प्राउटच्या रांगांतून शिंपत गेलो. मोठ्यानं ओरडलोही. तुमच्यासारखा आवाज लागत नाही, पण शिवारात दुसरं कुणी ओरडणारं नसल्यानं माझाच पहिला नंबर.

एक ट्रॅक्टरवाला थांबला. रुमानियाचा असावा. मी त्याला सांगितलं की हा आमचा सण आहे, रानाची ओटी भरतोय. तो "नो, नो" म्हणत हात हलवत राहिला. लाजला असेल. उंडा दिला तो त्यानं हुंगून ट्रॅक्टरवर ठेवला. मग त्यानं माझा, बादलीचा, पांडवांचा आणि ओल्या स्प्राउटचा फोटो काढला. निदान एका माणसाला तरी कौतुक वाटलं.

भज्जी गार होती. बांधावर एकटा बसून खाल्ली. खरं सांगतो, दुसऱ्या घासाला तुमची फार आठवण आली. आग्रह करणारं कुणी नसलं की भज्जी गिळवत नाही. हे माणिकप्पाला वाचू देऊ नका.

राजशेखर


औराद शहाजानी
२० डिसेंबर २०२५

गुरुजी,

वाचलं. माणिकप्पानं बटाट्याचं वाचल्यावर दुकान बंद करून हसून घेतलं. टूथपेस्ट लावलेले पांडव! भीमाचे दात तरी चमकले असतील.

तरी केलंत, एवढं मान्य करतो. पण ती येळवस म्हणजे नाटकातलं जेवण. खरी इथं झाली. सगळं शिवार भरलं होतं. निलंग्याचे पाहुणे, साखराबाईचा भाऊ अर्धापूरहून केळीचा घड घेऊन, झाडून सगळे. भज्जी कमी पडली. ज्वारीत शिंपत गेलो तर मागचे लोक मला शोधत राहिले. हेंडगा घेऊन पळालो आणि पोरांना मागं टाकलं. तुमची जागा रिकामी ठेवली होती. तिथं कुत्रं बसलं.

गुरुपादप्पा


स्पॉल्डिंग
२१ डिसेंबर २०२५

गुरुपादप्पा,

हे पत्र तुम्ही स्वतःच वाचा, माणिकप्पाला घरी पाठवा.

त्या ट्रॅक्टरवाल्यानं फोटो कौतुकानं काढले नव्हते. रानात काही वेगळं दिसलं तर फोटो काढून माल तपासणाऱ्या साहेबाला पाठवायचा, असा इथला नियम. ती साहेब म्हणजे आरती. मी तुम्हाला हिंमतीच्या गप्पा लिहीत होतो तेव्हा माझं माकडटोपीतलं ध्यान तिच्या टेबलावर पोचलेलं होतं.

संध्याकाळी तिनं घरी येऊन फोन माझ्यापुढे धरला. "मामा, बादलीत काय होतं?" मी म्हटलं, आंबील. "ताकाची?" मी म्हटलं, ताकाशिवाय आंबील होते का? ती खालीच बसली. त्या रांगा शनिवारी कापून नाताळच्या पाकिटांत जायच्या होत्या. पाकिटावर दूध लिहिलेलं नसणार. मी महिनाभरापूर्वी ज्याला हसलो होतो तेच.

फोटो तिच्याशिवाय कुणी पाहिलेले नाहीत. रेवण म्हणाला पुसून टाक. मीही म्हणालो, गुरुपादप्पा. हात जोडून म्हणालो. बढती आठवड्यावर आली आहे, नोकरी गेली तर व्हिसा जातो, दोघांना गाशा गुंडाळावा लागेल. स्प्राउट धुतात की, एवढं काय होतंय. तिनं फोन उचलला आणि आत गेली. काल कामावर गेली, आली, जेवली आणि झोपली. तिनं काय केलं ते विचारायचं धाडस मला होत नाही.

येळवस डोक्यात तुम्ही घातलीत. डोकं माझं होतं, त्यामुळे फार बोलत नाही. पण तिच्याशी तुम्ही बोला. ऐकू येत नसलं तरी फोन करा. तुमचं ती ऐकते. तिला सांगा, गप्प राहा म्हणून.

राजशेखर


स्पॉल्डिंग
११ जानेवारी २०२६

अप्पा आणि मामा,

दोघांना एकच पत्र लिहिते. मामा शेजारच्या खोलीत आहेत, तरी त्यांनाही कागदावरच देते. तोंडानं बोललं की तुम्ही दोघं मध्ये बोलता. तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत, माणिकप्पा मला परत पाठवतो. लाजू नका, आता उशीर झालाय.

शनिवारी कामावर गेले आणि फोटो वरच्या साहेबांपुढे ठेवले. सांगितलं की हा माणूस माझा सासरा आहे, बादलीत ताक आहे. शिंपलेल्या सगळ्या रांगा त्याच दिवशी नांगरल्या. वॉटकिन बघायला आला होता. पाच पांढरे बटाटे अजून ओळीत उभे होते. रेवणनं त्याला समजावलं की यानं पीक चांगलं येतं. तो म्हणाला, "गेल्या वर्षी हा तुकडा पाण्याखाली होता, तेव्हा का नाही शिंपलंत?" मामा, तो आता मानही हलवत नाही, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मला दिसतं.

नोकरी राहिली, कारण मी स्वतः सांगितलं. मुख्य मात्र दुसऱ्या बाईला केलं. तिचा सासरा देवाघरी आहे. मी दोन वर्षं या खुर्चीसाठी पहाटे उठत होते. त्या रात्री मला तुमचा दोघांचा इतका राग आला होता, की ते बटाटे तुम्हाला फेकून मारावेत असं वाटलं.

आता अप्पांचं. मामांनी सांगितलं तसा त्यांनी फोन केला, पण शनिवारचं सगळं होऊन गेल्यावर. गप्प राहा म्हणाले नाहीत. ओरडून म्हणाले, "खोटं बोलू नगंस, आरती. आपल्या घरात आजवर कुणी खोटं बोललेलं न्हाई." मला भरून आलं. तेवढ्यात मागून अव्वा म्हणाली, "द्या इकडं त्यो फोन. लई सांगून राहिलेत." आणि तिनं सगळं सांगितलं.

सप्टेंबरच्या पुरात तेरणा आपल्या रानातून वाहिली, मामा. बांध बघून परत गेली नाही. वरची माती खरडून नेली आणि दगडगोटे आणून टाकले. ज्वारी पेरलीच नाही, पेरायला माती कुठे आहे? हरभरा नाही, कडबा नाही, खोप नाही. निलंग्याचे पाहुणे नाहीत, अव्वाचा अर्धापूरचा भाऊ नाही. येळवशीच्या दिवशी अप्पा अंगणात तोंड फिरवून बसले होते आणि अव्वानं विकतच्या पिठाची आंबील केली ती त्यांनी तोंडाला लावली नाही. कुत्रं मात्र खरं होतं, अव्वा म्हणाली.

अप्पा, मी रानातलीच पोरगी आहे. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? रडले असते. रडून झाल्यावर इथल्या माणसांना विचारलं असतं की पाण्यानं नेलेली जमीन परत कशी उभी करतात. हे लोक चारशे वर्षं तेवढंच करत आलेत. मामांना त्यात फक्त कोबी दिसला, आणि तुम्हाला तर काही बघायचंच नव्हतं. एक जण परक्या रानात शिंपत फिरतो आणि दुसरा नसलेल्या ज्वारीत. आपल्या दोन्ही घरांत मिळून यंदा येळवस एकच झाली, ती वॉटकिनच्या स्प्राउटमध्ये, बटाट्यांपुढे. आणि माझ्या सहीनं ती नांगरली.

मामा, तुमचं तिकीट पुढच्या रविवारचं काढलं आहे. लातूरला उतरू नका, सरळ औरादला जा. अप्पा, मामांना खुरपं द्या. दोघांनी रोज सकाळी रानात जायचं आणि दगड वेचायचे. बांधावर रचा, पाणी पुन्हा आलं तर अडेल. टोमणे तिथं समोरासमोर मारा, माझे फोटो काढायचे श्रम वाचतील. गाळ कुठून आणायचा ते मी निलंग्याच्या कृषी कार्यालयात विचारलं आहे, पुढच्या आठवड्यात कळेल.

पुढच्या येळवशीला मी येते. मला पोटरीची ज्वारी नको, वीतभर आली तरी चालेल, पण माझ्या डोळ्यांना दिसली पाहिजे. दगड सगळे वेचून काढा. पाच तेवढे ठेवा.

आरती